रानडुक्कर बघायचंय? करवंदीच्या जाळीत, ताडोब्यात की गेममध्ये?

माझा भाचा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याला दोनपैकी एक गोष्ट मिळणार होती: नवा गेम, नाहीतर आठ दिवस आजोळ. बाईसाहेबांनी, म्हणजे माझ्या बहिणीने, निवड त्याच्यावर सोपवली आणि फसली. त्याने अट घातली, "जिथे खरं रानडुक्कर बघायला मिळेल ते." मग हा चेंडू माझ्याकडे आला, कारण घरात दोन्हीकडची डुकरं ओळखणारा मी एकटाच. लहानपणी सावंतवाडीच्या अलीकडे आमच्या गावी भाताच्या राखणीला बसलो आहे आणि कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या रात्री एज ऑफ एम्पायर्स या संगणकावरच्या गेममध्ये डुकरं ओढत आणली आहेत. त्याच्यासाठी कागदावर जे मांडलं ते जरा वाढवून इथे देतो. कुणाच्या घरी असाच पेच पडला असेल तर उपयोगी पडेल.

पत्ता कोण ठरवतं?

गेममध्ये रानडुक्कर कुठे राहतं याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: खेळाडू पहिलं पाऊल टाकतो तिथे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ साली आला. त्यात ऑर्क, म्हणजे एका काल्पनिक जमातीतला, म्हणून जन्म घेतलात की तुम्ही ड्युरोटार नावाच्या लाल, रखरखीत मुलखात व्हॅली ऑफ ट्रायल्समध्ये उभे असता, आणि समोर डुकरं फिरत असतात. ती मारणं हे अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. व्हॅलहाइममध्ये (२०२१) डुक्कर राहतं मेडोज या भागात, म्हणजे जिथे तुम्हाला अंगावरच्या चिंध्यांनिशी सोडून देतात त्याच कुरणात. झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (२०१७) ते भेटतं ग्रेट प्लॅटोवरच्या रानात, आणि ग्रेट प्लॅटो म्हणजे त्या गेमचा पाळणा. एज ऑफ एम्पायर्स टू (१९९९) तर नेहमीच्या नकाशांवर प्रत्येक खेळाडूच्या गावाबाहेर दोन डुकरं ठेवूनच डाव मांडतो.

अमेरिका, स्वीडन, जपान. तीन देशांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता त्याला एकच पत्ता दिला. मला वाटतं कारण सोपं आहे. हरीण पळून जातं, त्यामुळे नवख्याच्या हाताला काही लागत नाही. लांडगा पहिल्याच मिनिटाला घाबरवतो. डुक्कर मधल्या मापाचं. मारलं तर उलटून येतं, पण सहसा जिवावर बेतत नाही, आणि मारल्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नाही. म्हणून ते दारात बांधलेलं. त्याचं घर तुमची पायरी ठरवते, त्याची तहान-भूक नाही.

खऱ्या डुकराचा पत्ता तीन गोष्टी ठरवतात. दिवसा अंग चोरून पडायला दाट आडोसा, जवळ पाणी आणि तोंडाजवळ खाणं. बाकी ते कुठेही राहतं. युरोपापासून जपानपर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही हा एकच प्राणी पसरला आहे. आपल्याकडचं जरा वेगळ्या घडणीचं, मानेपासून पाठीपर्यंत उभ्या राठ केसांची आयाळ असलेलं. हिमालयाच्या पायथ्यापासून सुंदरबनच्या खारफुटीपर्यंत ते आहे. कोकणात त्याला करवंदीच्या जाळ्या, खालचा व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळाला लागून असलेले भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं, मिळाले की झालं. पश्चिम महाराष्ट्रात उसाचा फड हाच आडोसा आणि तेच ताट. विदर्भात झुडपी जंगल आणि त्याला खेटून तूर, हरभरा, सोयाबीन.

म्हणजे डुक्कर जंगलात राहतं असं आपण म्हणतो ते अर्धवट आहे. ते जंगलाच्या काठावर राहतं, रान आणि शेत जिथे एकमेकांना टेकतात तिथे. काठ शहराचा असला तरी त्याची हरकत नसते. बर्लिनमध्ये ते ग्रुनेवाल्डच्या जंगलातून बाहेर येऊन लोकांच्या बागा उकरतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका तळ्याकाठी एक डुकरीण दोन पिल्लांसह आली आणि पोहायला आलेल्या एका माणसाची पिशवी तोंडात धरून चालती झाली. पिशवीत लॅपटॉप होता. माणूस अंगावर सूतही नसताना तिच्या मागे धावला. त्याचे फोटो जगभर फिरले. गेममध्ये आपण डुकरामागे धावतो, इथे डुक्करच संगणक घेऊन पळालं.

चिखल

गेम आणि रान यांतला खरा फरक मला विचाराल तर चिखलात आहे. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. अंग थंड ठेवायचं तर ओल हवी, म्हणून ते चिखलात लोळतं. चिखल वाळला की त्यात गोचिड्या अडकतात. मग ते एखाद्या झाडाच्या बुंध्याला अंग घासतं आणि तो थर खरवडून काढतं. म्हणून डुकराचा माग काढायचा तर माती बघायचीच, पण झाडंही बघायची. बुंध्यावर गुडघ्याच्या वर वाळलेला चिखल आणि त्यात चिकटलेले दोन-चार राठ केस दिसले की घर जवळ आहे असं समजावं.

आता ही कसोटी लावून गेमकडे बघा. ड्युरोटारमध्ये डुक्कर भर उन्हात, सावली नाही, डबकं नाही अशा ठिकाणी उभं. खरं असतं तर दुपारपर्यंत टिकलं नसतं. माइनक्राफ्टमध्ये तर कहरच आहे. २०२० साली त्यांनी हॉगलिन नावाचा डुक्करसदृश प्राणी आणला आणि त्याला नेदरमध्ये ठेवला. नेदर म्हणजे अशी जागा जिथे बादलीतून पाणी ओतलं तर त्याची वाफ होऊन जाते. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते मॉन्स्टर आहे, डुक्कर नाही." बरोबर आहे. यादीतून काढलं.

चिखलाच्या बाबतीत सगळ्यांत पुढे रेड डेड रिडेम्प्शन टू. २०१८ चा गेम, काळ १८९९ चा, जागा कल्पित पण अमेरिकेच्या दक्षिणेवर बेतलेली. लुइझियानासारख्या दिसणाऱ्या लेमॉइन प्रांतात दलदल आहे आणि तिथल्या ब्लूवॉटर मार्शमध्ये एक मोठं, खास डुक्कर ठेवलेलं आहे. पायाखाली पचपच, डोक्यावर वेली, ओलसर धुकं. डुकराला आवडेल अशी जागा.

मात्र इथे एक गंमत आहे. अमेरिका हा रानडुकराचा मूळ मुलूखच नाही. तिथला स्थानिक प्राणी पेकारी, डुकराचा लांबचा भाऊबंद. खरी डुकरं गेली ती स्पॅनिश जहाजांतून. १५३९ साली एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला तो पाळीव डुकरं घेऊनच. त्यातली सुटली, रानटी झाली. युरोपातलं अस्सल रानडुक्कर नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खासगी शिकारीच्या रानात १९१२ साली सोडलं गेलं, म्हणजे या गेमच्या काळानंतर १३ वर्षांनी. तेव्हा १८९९ मध्ये दलदलीत तुमच्या अंगावर येणारं ते डुक्कर कुणाच्या तरी गोठ्यातून पळालेल्याचा वंशज असणार. गेममध्ये पेकारीही आहे, त्यामुळे करणाऱ्यांना फरक ठाऊक असावा. एज ऑफ एम्पायर्सवाल्यांना तर नक्कीच ठाऊक होता. २००० साली त्यांनी मेक्सिकोतले अझ्टेक आणि माया खेळात आणले तेव्हा अमेरिकेसारख्या नकाशांसाठी डुकराऐवजी जावेलिना, म्हणजे हीच पेकारी, वेगळी करून दिली. वीस-बावीस वर्षं खेळूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. डुकरांवर वाचायला बसलो तेव्हा कळलं.

वेळ आणि वारा

एज ऑफ एम्पायर्समध्ये रात्र होत नाही. ड्युरोटारमध्ये होते, पण डुकराला तिचं सोयरसुतक नाही. खरं डुक्कर जिथे माणसाचा त्रास आहे तिथे रात्रीचं झालेलं आहे. दिवस जाळीत काढायचा, अंधार पडल्यावर उठायचं. जिथे त्रास नाही, उदाहरणार्थ अभयारण्याच्या आत, तिथे ते सकाळ-संध्याकाळ उघड्यावरही चरतं. म्हणजे वेळही त्याच्या स्वभावापेक्षा आपल्या शेजारामुळे ठरते.

हे सगळं ज्या एका गेमला कळलं आहे तो म्हणजे द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड. २०१७ चा, स्वीडनमधल्याच लोकांनी केलेला. त्यात हिर्शफेल्डन नावाचं राखीव रान आहे, जर्मनीच्या धर्तीवर रचलेलं: मध्ये शेतं, मळे, गावं, आणि त्यांना चिकटून जंगल. अगदी काठाचा मुलूख. तिथल्या डुकरांना चरायच्या, पाणी प्यायच्या आणि झोपायच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि वेळाही. तुम्ही माग काढत, विष्ठा तपासत गेलात तर हळूहळू त्यांचं वेळापत्रक उलगडतं. भलत्या वेळी गेलात तर नुसतं पानांचं सळसळणं ऐकून परत यायचं. दोन-दोन तास काहीही न घडता जातात. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला आमच्या राखणीच्या माळ्यावरची रात्र आठवली, आणि एखाद्या गेमबद्दल मी याहून मोठी शिफारस करू शकत नाही.

त्यात वाराही आहे. वारा पाठीवर घेऊन गेलात की डुक्कर दिसण्याआधीच उधळलेलं असतं. डुकराची नजर बेताची, नाक मात्र असं की जमिनीखालचा कंदसुद्धा वासाने काढतं. गावी आमच्या शेजारचे तात्या राखणीला बसण्याआधी चिमूटभर सुकी माती हवेत सोडून बघायचे आणि मला म्हणायचे, "डुकराक आधी तू दिसतंस तो नाकान. मगे तुका डुकर दिसता, दिसला तर." ते विडी ओढत नसत त्या रात्री. बाकी रोज ओढत.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवायला हवी. हा शिकारीचा गेम आहे. जर्मनीत रानडुकराची शिकार कायदेशीर आहे आणि प्रचंड प्रमाणात चालते. २०१९-२० च्या एका हंगामात तिथे आठ लाखांहून जास्त डुकरं मारली गेली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय मारता येत नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती बंदुकीचा गेम द्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मी भाच्याला सांगितलं की दुर्बीण घेऊन फिरायचं, गोळी झाडायची नाही. तसंही खेळता येतं, गुण तेवढे मिळत नाहीत.

मुसंडी

मराठीत डुक्करमुसंडी हा शब्द आहे. मान खाली घालून, आजूबाजूला न बघता सरळ आत घुसणं. राजकारणातल्या बातम्यांत 'मुसंडी' रोज वाचतो, तिच्यातलं डुक्कर मात्र आपण विसरलो. गेमवाल्यांनी ही मुसंडी तेवढी नेमकी उचलली. झेल्डातलं डुक्कर तुम्हाला बघितल्यावर जमीन खरवडतं आणि येतं.

रानातलं डुक्कर शंभरातल्या नव्वद वेळा पळून जातं. ते उलटतं तेव्हा त्याला तीनपैकी एक कारण असतं: जखमी आहे, कोंडीत सापडलं आहे, किंवा पिल्लं सोबत आहेत. अशा वेळी मात्र गंमत नाही. नराचे सुळे माणसाची मांडी फाडतात, दरवर्षी शेतात माणसं जखमी होतात आणि काही दगावतात. म्हणून हे बघायला जायचं ठरवणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं दिसली की आल्या वाटेने मागे फिरायचं, फोटोसाठी थांबायचं नाही. आणि कुत्रा सोबत न्यायचा नाही. कुत्रा डुकराला छेडतो आणि मग पळत तुमच्याकडेच येतो.

या बाबतीत, विश्वास ठेवा अगर नको, पंचवीस वर्षांपूर्वीचा एज ऑफ एम्पायर्स टू सगळ्यांपेक्षा प्रामाणिक आहे. त्यातलं डुक्कर आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही. तुम्ही बाण मारलात की मग ते ज्याने मारला त्याच्या मागे लागतं. खेळायची रीत अशी: एका गावकऱ्याने बाण मारायचा आणि जीव मुठीत धरून गावाकडे पळत सुटायचं. गावठाणाजवळ बाकीचे तयार असतात, डुक्कर आलं की सगळे मिळून पाडतात. गावकऱ्याच्या अंगात जीव २५ आणि डुकराच्या ७५. जरा इकडेतिकडे झालं, वाटेत अडकला, की तो गेला. डुक्कर मिळालं तर ३४० अन्न, मेंढीचं १००, हरणाचं १४०. त्यामुळे धोका पत्करावाच लागतो, आणि मांस पडून राहिलं तर कुजत जातं म्हणून घाईही करावी लागते. गावाजवळ हाकून आणून सगळ्यांनी मिळून पाडायचं ही आपल्या जुन्या हाक्याच्या शिकारीतलीच गोष्ट आहे. फक्त एक चूक आहे. बाण बसेपर्यंत ते डुक्कर एका जागी पुतळ्यासारखं उभं असतं.

पुतळ्यावरून आठवलं. हमखास, दिवसाढवळ्या, एका जागी उभं राहिलेलं रानडुक्कर महाराष्ट्रात आहे, रामटेकच्या गडावरचा वराह. वाकाटकांच्या काळातला, अखंड दगडाचा. त्याच्या पोटाखालून लोक सरपटत जातात. भाच्याला हा पर्याय सांगितला, त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

गोतावळा

हे थोडक्यात. रानात माद्या आणि त्यांची पिल्लं मिळून कळप करतात, मोठा नर एकटा हिंडतो. डुकरीण साधारण ११५ दिवसांनी विते, त्याआधी गवत आणि फांद्या तोडून घरटं रचते. होय, डुक्कर घरटं बांधतं. पिल्लांच्या अंगावर पहिले काही महिने पिवळट पट्टे असतात. गेममध्ये बहुतेक ठिकाणी डुक्कर हे बाप-आई नसलेलं, एकाच साच्यातून काढलेलं, मेलं की थोड्या वेळाने पुन्हा उगवणारं. अपवाद व्हॅलहाइमचा. तिथे डुकराला कुंपणात घेऊन, बोरं-मश्रूम-गाजरं टाकून, त्याला न बुजवता वाट बघत बसलं तर ते माणसाळतं. दोन माणसाळली की पिल्लं होतात. माणसाने साधारण दहा हजार वर्षांपूर्वी अनातोलियात आणि चीनमध्ये वेगवेगळं हेच केलं आणि त्यातून पाळीव डुक्कर झालं. त्या गेममध्ये डुक्कर आगीला भितं, हेही आमच्याकडच्या शेकोट्या पेटवून बसणाऱ्यांना पटेल. निदान पहिले आठ दिवस पटेल, कारण त्यानंतर डुकराला शेकोटीची सवय होते.

कुणाचं काय जातं?

गेमचा खर्च कळतो. विकत घ्यायचा, आणि त्याला पेलेल असा संगणक किंवा कन्सोल हवा. एज ऑफ एम्पायर्स जुन्या संगणकावरही चालतो, रेड डेडला तगडं यंत्र लागतं.

गावच्या डुकराला तिकीट नाही, पण ते फुकट आहे असंही समजू नका. गेममध्ये डुकराचं आपण खातो, इथे ते आपलं खातं. भात दाण्यावर आलं की एका रात्रीत कुणगा झोपवतं. खातं त्याच्या दुप्पट तुडवतं. सुरण, करांदे, नाचणी, भुईमूग काही सोडत नाही. म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात, न्हाव्याकडून केस आणून पसरलेले असतात, पत्र्याचे डबे टांगलेले असतात. ज्यांना परवडतं ते झटका मशीन लावतात. तो सौर कुंपणाचा झटका जनावराला मारत नाही, नुसता हुसकतो. पण काही जण थेट विजेची तार सोडतात, त्यात माणसं मेली आहेत, विदर्भात वाघ मेले आहेत. कोकणात फासकी लावतात डुकराला आणि तिच्यात अडकतो बिबट्या. वनखातं नुकसानभरपाई देतं, पंचनामा होऊन ती हातात पडेपर्यंत पुढचा हंगाम येतो, असं गावात सगळे म्हणतात.

तेव्हा गावी डुक्कर 'बघायला' जाणाऱ्याने हे मनात ठेवून जावं. तात्यांना आनंदाने "डुक्कर आलं का?" असं विचारू नये. भाच्याने पहिल्याच संध्याकाळी विचारलं. तात्या म्हणाले, "येव नको म्हणान तर बसलंय."

मग निवडायचं काय?

हमखास दिसायला हवं असेल आणि सहल करायची तयारी असेल तर ताडोबा किंवा नागझिरा, उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात आणि जे उरतात तिथे सगळ्यांना यावंच लागतं, डुकरांना तर दोनदा, एकदा पिण्यासाठी आणि एकदा लोळण्यासाठी. मात्र एक अडचण. जिप्सीत बसलेले बाकीचे पाच जण वाघासाठी आलेले असतात. डुकराचा कळप दिसला म्हणून गाडी थांबवायला सांगितलीत तर गाइडच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी बघितले आहेत. नागझिऱ्यात गर्दी त्या मानाने कमी, तिथे थांबतात. वाघाचं लक्ष असलेल्या पाणवठ्यावर डुकरं किती वेळ नुसती कान ताठ करून उभी राहतात हे बघणं मला वाघ बघण्यापेक्षा आवडतं, कारण वाघाच्या ताटात चितळ-सांबरांबरोबर तीही असतात आणि त्यांना ते ठाऊक असतं. पावसाळ्यात गाभ्याचा भाग बंद असतो, तेव्हा जाऊ नये.

मोठ्या माणसासाठी याहून चांगला पर्याय बुद्ध पौर्णिमेच्या रात्रीचा. वनखातं त्या रात्री अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसू देतं आणि आलेल्या प्राण्यांची नोंद करायला सांगतं. रात्रभर बोलायचं नाही, उतरायचं नाही. माझ्या मते डुक्कर बघण्याची महाराष्ट्रातली सर्वोत्तम जागा हीच. चांदण्यात येणारा कळप, मग बराच वेळाने एकटा आलेला नर, आणि त्याच्या लोळण्याचा आवाज.

घरबसल्या बघायचं असेल आणि मुलगा लहान असेल तर झेल्डा. रान सुंदर आहे, रक्तपात नाही. धीर असलेल्याला द हंटर. मित्रांसोबत बसून आरडाओरडा करायचा असेल तर एज ऑफ एम्पायर्स, आजही. डुकरासाठी म्हणून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घेऊ नये, इतर कारणांसाठी खुशाल घ्यावा. रेड डेड मोठ्यांसाठी, आणि त्यातलं डुक्कर हा त्या गेमचा फारच छोटा कोपरा आहे.

आणि दिसलं नाही तरी चालेल पण त्याचं घर बघायचं असेल, तर कोकण, भात कापणीच्या आधी. सप्टेंबरअखेर ते दिवाळी. तोवर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात निघालेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं उभं असतं, म्हणजे उरलेल्या मोजक्या कुणग्यांवर डुकराचंही लक्ष असतं.

भाच्याने आजोळ निवडलं. मी ढकललं नाही, थोडं झुकवलं असेन. पहिल्या तीन रात्री काहीच नाही, तो माळ्यावर माझ्या मांडीवर झोपून गेला. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास खालच्या कुणग्यात भात मोडल्याचा आवाज आला, तात्यांनी हाळी दिली, डबा वाजवला, बॅटरी मारली. गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, एक काळी पाठ पलीकडे गेली. एवढंच. त्याच्या मते दोन होती, माझ्या मते एक.

सकाळी माग काढत व्हाळापर्यंत गेलो. काठाला बसल्यासारखा खड्डा, त्यात अजून गढूळ पाणी. पलीकडे एका ऐनाच्या बुंध्याला चिखल लागलेला. भाचा बुंध्याला खेटून उभा राहिला. चिखल त्याच्या कमरेला लागला. त्याने बोटाने एक केस काढला आणि कंपासपेटीत ठेवला.

पुण्याला परत आल्यावर मी माझ्या संगणकावर त्याला द हंटर उघडून दिला. तो तासभर हिर्शफेल्डनमध्ये हिंडला, दुर्बीण गळ्यात, बंदूक पाठीला. डुकरांचा कळप शेताच्या कडेने गेला तरी त्याने मान वळवली नाही. तो एकेका झाडापाशी जाऊन बुंधा बघत होता. चिखल लागलेलं झाड अजून त्याला सापडलेलं नाही.